आंब्यांखालची सारवलेली जमीन

लेख प्रसिद्ध होऊन दोन महिने झाले होते, तेव्हा ऋजुता टिपणीसला एका अनोळखी बाईचा फोन आला.

"ताई, मी सविता मुकणे. तळा गावाजवळच्या कोंढेघरहून बोलतेय. ते मातीच्या यंत्राचं तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो, मीच."

"तुमचा लेख वाचूनच आम्ही अर्ज केला. आमच्या कातकरवाडीची जमीन तपासायला न्यायपीठाने हो म्हटलंय. तुम्ही या बघायला."

"येईन की. जागा कुणाच्या मालकीची आहे?"

"श्रीरंग टिपणीसांची. तुमचं आडनाव बघून विचारणारच होते. नात्यातले आहेत का?"

"माझे सख्खे काका."

"मग नाही येणार?"

"येते," ऋजुता म्हणाली.

ऋजुता कुणाच्या नोकरीत नव्हती. वकिलीची पदवी घेतली, पण काळा कोट घालण्यापेक्षा कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून ऐकायला तिला जास्त आवडायचं. कच्चे कैदी, फेरीवाले, पोटगीसाठी हेलपाटे घालणाऱ्या बायका, बेदखल झालेल्या वस्त्या, असे विषय घेऊन ती लिहायची आणि जो छापेल त्याला द्यायची. पनवेलच्या दोन खोल्यांत तिचं बरं चाललं होतं. वडील, म्हणजे नाना, ती शाळेत असतानाच गेले. त्यानंतर तिला शिकवलं ते भाईकाकांनी, म्हणजे याच श्रीरंग टिपणीसांनी. सोलापूरच्या बँकेतली नोकरी सांभाळून ते दर महिन्याला तिला भेटायला यायचे आणि येताना शेंगाचटणी आणायचे. आता निवृत्त होऊन ते कोंढेघरला राहत होते आणि वाटणीत त्यांच्याकडे आलेला गावाबाहेरचा माळ, खालची हापूसची बाग वगळून, एका गोदामवाल्या कंपनीला विकायच्या तयारीत होते. त्याच माळाच्या वरच्या अंगाला ती वाडी होती.

ऋजुताने ज्याच्यावर लिहिलं होतं त्या यंत्राला लांबलचक शास्त्रीय नाव होतं. कोर्टात सगळे त्याला कणघड्याळ म्हणत. मातीत गारगोटीचे बारीक कण असतात. आजूबाजूच्या मातीत नैसर्गिक किरणोत्सार असतो, अगदी थोडा, पण अखंड. त्याने कणातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकातल्या बारीक खोबणींत अडकून पडतात. कण जितका काळ अंधारात, तितके अडकलेले इलेक्ट्रॉन जास्त. एकदा ऊन लागलं की सगळे सुटतात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून अंधारात उचललेल्या कणावर यंत्रातला निळा प्रकाश टाकला की तो किंचित चमकतो आणि त्या चमकेवरून त्याने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. शास्त्रज्ञांना हे जुनंच ठाऊक होतं, पण पूर्वी एकेका नमुन्याला महिने लागत आणि अलीकडची वर्षं नीट निघत नसत. नवं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं होतं. ते एकेक कण वेगळा वाचत असे आणि वर्ष-दोन वर्षांच्या फरकाने उत्तर देत असे.

सारवलेल्या घराला तर हे यंत्र म्हणजे वरदानच. शेणामातीचा नवा हात फिरला की खालच्या थराचा उजेड तुटतो. वर्षानुवर्षं सारवलेल्या जमिनीत असे पातळ थर एकावर एक बसलेले असतात. खालचा थर सांगतो चूल कधी मांडली आणि वरचा सांगतो घर कधी सोडलं.

नव्या वस्ती कायद्याने तीस वर्षं सलग राहणाऱ्यांना घराखालची आणि अंगणाची जागा मिळणार होती आणि असे दावे ऐकायला न्यायपीठ नेमलं होतं. कातकऱ्यांकडे कागद कुठून असणार? दिवाळी झाली की वाडी वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. सरकारी माणूस नेमका उन्हाळ्यात यायचा आणि कुलूपसुद्धा नसलेली रिकामी घरं बघून जायचा. आता त्यांच्या बाजूने बोलायला निदान माती होती.

ऋजुताने आधी संपादकाला फोन केला. शैलेश ओगले एक वेब-साप्ताहिक चालवायचा. तो म्हणाला, "सोडून दे. घरचं प्रकरण आहे."

"सोडलं तर म्हणतील काकासाठी सोडलं."

"आणि लिहिलंस तर म्हणतील काकासाठी लिहिलं."

"मग पहिल्याच ओळीत लिहिते, जागामालक माझे काका आहेत. पुढचं वाचायचं की नाही ते वाचणारा ठरवेल."

शैलेशने सुस्कारा सोडला. "लिही बाई."

दुसरा फोन काकांना. ते उलट खूशच झाले. "ये ना! या निमित्ताने चार दिवस राहशील. आणि तपासू दे त्यांना. हे लोक नानाच्या वेळेला आले, वीसेक वर्षांपूर्वी. मी काही त्यांना हाकलत नाहीये, ऋजू. कंपनी दुसरीकडे पक्की घरं बांधून देणार आहे. पण तीस वर्षं राहतोय म्हणणं खोटं आहे ना!"

काका खोटं बोलणारे नव्हते. तिला मनातून हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची थोडी लाजही वाटली.

तपासणीच्या दिवशी सविताच्या घरात जाड काळ्या ताडपत्रीचा तंबू ठोकला होता. आत फक्त लाल दिवा. मातीला उजेड लागला तर सगळं वाया जाणार होतं. न्यायपीठाने नेमलेल्या भूशास्त्रज्ञ डॉ. शाहीन मुकादम घामाने निथळत पोलादी नळी जमिनीत ठोकत होत्या. बाहेर भाईकाका घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर छत्री उघडून बसले होते. सविताची सासू भागीबाई त्यांना चहा देऊन गेली. सविता तिशीची, बारावी झालेली, अंगणवाडीत काम करणारी. ती एका जागी उभी राहत नव्हती.

दुपारनंतर डॉक्टरबाई बाहेर आल्या. चार घरं तपासली होती. सगळीकडे उत्तर एकच. सर्वांत खालचा थर बावीस वर्षांपूर्वीचा, त्याच्याखाली नुसता मुरूम.

"असं कसं?" सविता म्हणाली. "माझ्या सासूचं लग्न इथंच लागलं. नवरा इथंच जन्मला. तो चाळिशीला आलाय."

"मी माणसांचं सांगत नाही, ताई. या जमिनीचं सांगते."

भाईकाका उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, पण सुटका होती. ते सविताला म्हणाले, "मी म्हटलं होतं की नाही? राग धरू नकोस, पोरी." आणि खुर्ची मिटून निघून गेले.

सविताने ऋजुताकडे पाहिलंच नाही. "तुम्हीच लिहिलं होतं, यंत्र खोटं बोलत नाही. लिहा आता, आम्ही खोटं बोललो."

ऋजुताला निघून जावंसं वाटत होतं. पण कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून बसून तिला एक सवय जडली होती. साक्षीदार आणि पुरावा दोघंही प्रामाणिक वाटत असतील तर प्रश्न चुकलेला असतो. ती भागीबाईंजवळ जाऊन बसली.

"आजी, तुमचं लग्न इथंच लागलं म्हणता. इथंच म्हणजे नक्की कुठे?"

"इथंच की." भागीबाईंनी हात पसरला. तो घरांवरून, उतारावरून, खालच्या हापूसच्या बागेवरून फिरत थेट ओढ्यापर्यंत गेला. "या माळावर."

"हे घर तेव्हा होतं?"

"हे? छे! तेव्हा आम्ही खाली होतो. नानांनी कलमं लावायची काढली. म्हणाले, जरा वर सरका. सरकलो. खड्डेपण आम्हीच खणले." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "दोन हाकांवर तर आहे. त्याला काय हललो म्हणतात?"

सविता आ वासून सासूकडे बघत राहिली. ती लग्न होऊन आली तेव्हा वाडी वरच होती आणि नवराही याबद्दल कधी बोलला नव्हता. "आत्या, हे वकिलांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, किती वर्षं राहता. कुठं राहता ते कुणी विचारलं?"

ऋजुताला कायद्यातलं कलम आठवलं. मालकाच्या सांगण्यावरून वस्ती हलली असेल, तर जुन्या जागेची वर्षं नव्या जागेत धरायची. पण सिद्ध करायला बागेत नळी ठोकावी लागणार होती. आणि बाग न्यायपीठाच्या परवानगीत नव्हती. तिथे मालकाची संमती हवी होती.

संध्याकाळी काकांच्या ओटीवर तिने सगळं सांगितलं. भाईकाका आधी हसले. मग चिडले.

"म्हणजे आता नानाला कोर्टात उभं करायचं?"

"तो माझा बाप होता, काका. मला काय बरं वाटतंय?"

"ती बाग त्याची आठवण आहे. दुसरं काय ठेवून गेला तो?"

"मला तुमच्या हवाली करून गेला," ऋजुता म्हणाली.

काकांनी मान फिरवली. "जिंकलेली केस मी आपल्या हाताने हरायची? निमिष काय म्हणेल? त्याचे सगळे बेत या सौद्यावर आहेत." निमिष त्यांचा मुलगा, पुण्याला असायचा. "आणि ती भागी म्हणते म्हणून? लहानपणी मी सुट्टीत यायचो तेव्हा खाली कातकऱ्यांची घरं होती, हे खरं आहे. पण ते लोक गेले. हे दुसरे आले."

"कशावरून दुसरे?"

"मला विचार करू दे," एवढंच म्हणून ते उठले. दुसऱ्या दिवशी ऋजुता पनवेलला परतली तेव्हा ते दारापर्यंत आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं.

तिने लेख लिहिला. पहिल्या ओळीत नातं सांगितलं. यंत्राने वाडीचा दावा खोडून काढला, हे आडपडदा न ठेवता लिहिलं. भागीबाईंचं म्हणणं लिहिलं. कलमं लावणारे गृहस्थ आपले वडील होते, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं, "बागेतील तपासणीस मालकाने अद्याप संमती दिलेली नाही." शैलेशने एक अक्षर न बदलता लेख लावला. सविताचा फोन आला नाही. काकांचाही नाही.

दोघांनाही गमावलं, असं धरून चालत ऋजुता आपल्या कामाला लागली. ठाण्याच्या तुरुंगातल्या एका प्रकरणाच्या मागे ती फिरत होती. तिथल्याच फाटकाबाहेर काकांचा फोन आला.

नमस्कार-चमत्कार काही नाही. "तुझा लेख वाचला. तीनदा वाचला. 'अद्याप' का लिहिलंस?"

"काय?"

"'मालकाने संमती दिलेली नाही' एवढं पुरलं असतं. 'अद्याप' कशाला?"

ऋजुता फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसली. "तुम्ही विचार करतो म्हणाला होता. आणि आशा होती म्हणून."

"बातमीत आशा लिहितात का?"

"नाही लिहीत. चुकलंच."

मग काका म्हणाले, "मी लहान होतो तेव्हा तिथली एक बाई मला निखाऱ्यात भाजलेले करांद्याचे कंद द्यायची. घरी सांगायचं नाही म्हणायची, तुझी आई ओरडेल. मोठ्या खडकापाशी तिचं घर होतं. काल मी भागीला जाऊन विचारलं. ती म्हणाली, 'ती माझी सासू.' ऋजू, मी ज्यांना गेले म्हणत होतो, ते माझ्यासमोरच होते गं. मीच ओळखलं नाही." मग घसा खाकरून म्हणाले, "मुकादमबाईंना कळव. संमती दिली म्हणून. आणि तू ये. शेंगाचटणी केलीय."

दुसऱ्या तपासणीला अख्खी वाडी वीटभट्टीवरून येऊन बागेत जमली. मोहर गळून कैऱ्या धरल्या होत्या. सविता ऋजुताशी जेवढ्यास तेवढं बोलली, पण पाण्याचा तांब्या स्वतः आणून दिला. घर नेमकं कुठे होतं यावरून भाईकाका आणि भागीबाई यांची जुंपली.

"खडकाच्या उगवतीला," काका म्हणाले.

"मावळतीला. आसाण्याच्या झाडाखाली."

"आसाणा कुठाय इथे?"

"नानांनी तोडला की!"

डॉक्टरबाईंनी आजींचं ऐकून मावळतीला नळी ठोकली. काही मिळालं नाही. मग काकांचं ऐकून उगवतीला ठोकली. तिथेही नुसता मुरूम. वाडीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी भागीबाई खडकाला टेकून उभ्या राहिल्या, डोळे मिटून दोन-चार पावलं चालल्या आणि काकांना म्हणाल्या, "दादा, तुम्ही चुलीपाशी बसायचात तेव्हा ऊन तोंडावर यायचं की पाठीवर?"

"तोंडावर. सकाळचं. डोळे दिपायचे."

"मग दार खालच्या अंगाला, उगवतीकडे होतं. मघाशी मी दाखवलं ते तर थोरल्या जावेचं परसदार. आमचं तिच्या पलीकडे." आणि त्यांनी दोन कलमांमधली जागा दाखवली.

तंबू तिथे हलवला. या वेळी डॉक्टरबाईंनी काकांना आणि भागीबाईंना आत यायला सांगितलं. ऋजुता आणि सविताही कशाबशा मावल्या. लाल उजेडात नळीतली माती कापली तेव्हा पालापाचोळ्याखाली काळसर-तपकिरी पट्टे दिसले, नखाएवढे पातळ, एकाखाली एक. मध्ये राखेची रेघ. डॉक्टरबाईंनी एका थरातले कण यंत्रात घातले. पडद्यावर एक हिरवा ठिपका उजळला आणि विझत गेला.

"हे काय?" भागीबाईंनी विचारलं.

"हा कण इतकी वर्षं अंधारात होता, आजी. आता सुटला."

"कुणी सारवला असेल हा?"

"पासष्ट-सहासष्ट वर्षांपूर्वीचा आहे."

भागीबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "मग सासूनेच. मी तेव्हा आले नव्हते." आणि त्या पडद्याकडे बघत राहिल्या. काकांनी चष्मा काढून पुसला. तंबूत फार उकडत होतं, असं ते नंतर म्हणाले.

सर्वांत वरचा थर निघाला बावीस वर्षांपूर्वीचा. म्हणजे खालचं घर सुटलं आणि वरचं बांधलं गेलं ते एकाच सुमाराला. लोक तेच. फक्त वर सरकलेले.

न्यायपीठापुढची सुनावणी छोटी झाली. अध्यक्षबाईंनी अहवाल वाचला आणि विचारलं, "वस्ती मालकाच्याच सांगण्यावरून हलली, याला दुजोरा कोण देणार?" काकांचे वकील उठायच्या आत काका उठले.

"मी देतो. माझ्या थोरल्या भावाने हलवली. त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्यांचं घर म्हणजे त्यांची जागा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मलाही हल्लीच कळलं."

"वाडीच्या दाव्याला तुमचा आक्षेप आहे?"

"नाही."

ऋजुता मागच्या बाकावर बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कोर्टात काही टिपून घ्यायचं सुचलं नाही.

गोदामवाल्या कंपनीला माळ अखंड हवा होता. वाडीची जागा वगळल्यावर तिने माघार घेतली. निमिष रागावला. त्याने काही आठवडे बापाला फोन केला नाही. मग एका रविवारी मुलांना घेऊन आला, बागेतल्या कैऱ्या पोतंभर घेऊन गेला आणि त्या विषयावर कुणीच काही बोललं नाही. गावातले एक-दोन जमीनवाले काकांना टाळायला लागले. काका म्हणाले, "बरं झालं. त्यांच्याकडचा चहा पाणचटच असायचा." बाकीच्या वाड्यांमधून मात्र सविताला बोलावणी यायला लागली. नळी ठोकण्याआधी म्हाताऱ्या माणसांना काय काय विचारायचं, ते ती आता सगळ्यांना सांगत फिरायची. ऋजुताने तिच्यावर लेख केला, तो बराच वाचला गेला.

सविताचा फोन आला तो पावसाच्या आधी.

"ताई, रविवारी या. घराचा जोता भरतोय. पक्कं घर."

"नक्की येते. फोटो काढू ना? पुढच्या अंकात..."

"नको," सविता म्हणाली. "बातमी नाहीये. जेवायला या."

ऋजुता गेली तेव्हा जोता भरून झाला होता आणि अंगणात पंगत बसली होती. सुक्या मासळीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. भाईकाका आधीच येऊन बसले होते आणि भागीबाईंशी कुठल्याशा नाल्यावर खेकडे जास्त सापडतात यावरून वाद घालत होते. सविताने तिला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि पुढ्यात पान मांडलं. कुणी तिला काही सांगत नव्हतं, कुणी कैफियत मांडत नव्हतं, आणि तिलाही कुणाला काही विचारायचं नव्हतं. तिने भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि पहिल्याच घासाला तिला ठसका लागला. सगळी पंगत हसली.